चिलापीची जात

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवणला गाडी थांबवून तुम्ही मासे खाल्ले असतील, तर तुमच्या ताटात आलेली बहुधा चिलापी होती. कडक तळलेली, काटे मोठे आणि मोजके, त्यामुळे ज्यांना मासे खायची सवय नाही त्यांनाही जमणारी. हॉटेलवाला सांगतो, 'उजनीची आहे, आज सकाळची.' दोन्ही खरं असतं. फक्त ती मूळची इथली नाही. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा. आपल्या जिभेला जमेल असं नाव आपण त्याला दिलं आणि नाव मराठी झाल्यावर मासाही मराठी झाला. आमच्याकडच्या पोरांना चिलापी परदेशी आहे असं सांगितलं तर ती हसतात. मिरची परदेशी आहे म्हटल्यावर आपण हसतो तसंच.

ती आली कशी, तेही सांगते. 1930च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिक तिलापिया जावा बेटावर सापडला. ज्या माणसाने तो पाळायला सुरुवात केली त्याच्या नावावरून इंडोनेशियात त्याला आजही 'मुजाइर' म्हणतात. तिथल्या मूठभर माशांची पिल्लं पुढे आशियाभर गेली आणि 1952 साली ती भारतात आली. गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत असा हेतू होता. पुढच्या सात-आठ वर्षांतच तज्ज्ञांच्या लक्षात आलं की हा प्राणी आवरणारा नाही, आणि 1959 मध्ये त्याच्या प्रसाराला बंदी आली. पण मासा बंदी वाचत नाही. तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत तो पसरत राहिला. नंतर त्याचा भाऊबंद नाईल तिलापियाही आला. अंगाने मोठा, वाढीला वेगवान. या दोघांची एकमेकांशी जोडी जमते, आणि त्यांची पिल्लं वांझ नसतात.

माझे वडील भोई. आमचं गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे, म्हणजे 1980 साली धरण पूर्ण झाल्यापासून काठावर आहे. त्याआधी भीमा गावापासून लांबून वाहायची. आई इंदापूरकडची, वेगळ्या जातीची. दोघांनी कोर्टात लग्न केलं. त्यानंतर काय काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर ते तुम्हाला ठाऊक आहे. मी जन्मले तेव्हा वडिलांच्या एका चुलत्यांनी माझं नाव 'हायब्रीड' ठेवलं. वाईट बुद्धीने नव्हे, त्यांच्या परीने थट्टाच होती. आमच्याकडे हायब्रीड हा शब्द ज्वारीबरोबर आला. आज्जीच्या मते त्याचा अर्थ असा: दिसायला जोरदार, पिकायला भरघोस, भाकरीला चव नाही.

मला हे नाव आवडायचं. शाळेत कुणी हिणवलं की मी सांगायचे, हायब्रीडला कीड लागत नाही. (लागते. पण तेव्हा माहीत नव्हतं.)

पुढे मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मैत्रिणी फुलपाखरं, बेडूक असले देखणे प्राणी घेत होत्या. मी भिगवणच्या आडतीवर गेले. पहाटे क्रेट उतरतात, लिलाव चालतो, पायाखाली बर्फाचं पाणी. मी चिलापीच्या परांचे छोटे तुकडे कापून अल्कोहोलच्या नळीत टाकत बसायचे. आडतदार म्हणायचे, 'शेपटी कापू नको हां, वजनात बसते ती.' मला बघायचं होतं, या क्रेटमधली चिलापी नेमकी कोणती. मोझांबिक, नाईल की दोघांची मिळून.

नुसत्या डोळ्यांनी ओळखायची एक खूण आहे. नाईल तिलापियाच्या शेपटीवर उभे, बारीक, काळसर पट्टे असतात. मोझांबिकच्या नसतात. माझ्या नळ्यांमध्ये एक मासा असा होता की शेपटीवर पट्टे होते, पण अर्धवट, पुसट. बारकोडिंगचा निकाल आला: मोझांबिक. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, 'तू कोणता डीएनए वाचलास?' आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

डीएनए बारकोडिंगमध्ये आपण जे जनुक वाचतो ते पेशीच्या केंद्रकातलं नसतं, मायटोकाँड्रियातलं असतं. मायटोकाँड्रिया अपत्याला फक्त आईकडून मिळतात. म्हणजे नाईल बाप आणि मोझांबिक आई यांचं पिल्लू यंत्राला दिलं, तर यंत्र छातीठोकपणे सांगणार, मोझांबिक. त्याला बाप दिसतच नाही. केंद्रकातला डीएनए वाचला तरच दोघांचा हिस्सा कळतो, आणि ते काम माझ्या प्रकल्पाच्या पैशात बसणारं नव्हतं.

माझ्या जातीच्या दाखल्यावर वडिलांची जात आहे: भोई, भटक्या जमाती ब. मायटोकाँड्रियाला फक्त आई दिसते, दाखल्याला फक्त बाप.

इथे थांबून एक गोष्ट साफ करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वाचताना घोळ होईल. जुन्या मराठी पुस्तकांत स्पीशीजसाठी 'जाती' हा शब्द वापरतात. त्यामुळे माणसाची जात आणि माशाची जात एकाच प्रकारची गोष्ट आहे असं कानाला वाटतं. तसं नाही. मोझांबिक आणि नाईल तिलापिया यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाले. माझ्या आईवडिलांचे पूर्वज वेगळे झाले ते रीतिरिवाजांनी, आणि तेही पूर्णपणे कधीच नाहीत. जगातली सगळी माणसं एकाच स्पीशीजची. तेव्हा मी हायब्रीड नाही. 'संकर' हा शब्द आपल्याकडे गीतेपासून भीती दाखवायला वापरला गेला, त्याला माशांचं शास्त्र आधार देत नाही आणि माशांचं उदाहरण देऊन आंतरजातीय लग्नांचं समर्थन करायचीही गरज नाही. माणसांनी लग्न करावं की नाही हे मासे कशाला ठरवतील?

पण शब्दाने मला या विषयात ओढलं, हे खरं.

शाळेत आपण शिकतो की दोन वेगळ्या जातींची जोडी जमत नाही, आणि जमलीच तर पिल्लू खेचरासारखं वांझ निघतं. माशांनी हा धडा वाचलेला नाही. अमेरिकेतले मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी 1955 सालीच निसर्गात सापडणाऱ्या माशांच्या संकरांवर मोठा लेख लिहिला होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये संकर सर्वांत जास्त माशांत, आणि माशांत गोड्या पाण्यातल्यांत. कारण समजायला सोपं आहे. बहुतेक मासे अंडी आणि शुक्ररस पाण्यात सोडतात. पूर आला, विणीच्या जागा कमी पडल्या, एका जातीचे थोडे आणि दुसरीचे फार असे मासे एका डबक्यात सापडले, की सरमिसळ होते. समुद्रात जागा अफाट असते. नदीत गल्ल्या असतात, आणि गल्लीत गाठ पडतेच.

आणि सगळी सरमिसळ फुकट जात नाही. आडतीवरच्याच दुसऱ्या क्रेटमध्ये बघा. सायप्रिनस. सरकारी मत्स्यबीज केंद्रातून धरणात सोडलेला, पिवळट, तोंडाला मिशा असलेला. त्याच्या जवळच्या बऱ्याच नातेवाइकांना, आपल्या कटला-रोहूलासुद्धा, 50 गुणसूत्रं असतात. सायप्रिनसला 100. साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या माशांचा संकर झाला आणि त्या पिल्लांत गुणसूत्रं दुप्पट झाली. एरवी संकरित पिल्लाची अडचण अशी की आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं अंडी किंवा शुक्राणू बनताना एकमेकांसमोर नीट उभी राहत नाहीत, जोड्या लागत नाहीत. दुप्पट झाली की प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो. आईकडचे 25 जोड, बापाकडचे 25 जोड, दोन्ही आजही सायप्रिनसच्या पेशीत वेगवेगळे ओळखता येतात. तुमच्या घरातल्या काचेच्या भांड्यात गोल्डफिश असेल, तर तोही त्याच घटनेचा वंशज. तेव्हा 'हायब्रीड टिकत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला ड्रॉइंगरूममधला गोल्डफिश दाखवा.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त झोप उडवणारी गोष्ट वाटते ती मात्र चिलापीच्याच कुळातली आहे. चिलापी सिक्लिड कुळातली. या कुळातले छोटे, बोटभर ते वीतभर मासे पूर्व आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात राहतात. त्यांच्या 500हून अधिक जाती. कुणी शेवाळ खरवडून खातो, कुणी गोगलगाई फोडतो, कुणी दुसऱ्या माशाचे खवले उपटून खातो, कुणी दुसरीच्या तोंडातली पिल्लं पळवतो. आणि हे सरोवर साधारण 15 हजार वर्षांपूर्वी जवळजवळ पूर्ण आटलं होतं. म्हणजे इतक्या जाती तयार व्हायला 15 हजार वर्षं. उत्क्रांतीच्या हिशेबात ही एक रात्रही नाही. नव्या जनुकीय बदलांची वाट बघत बसलं असतं तर हे शक्यच नव्हतं. मग कच्चा माल आला कुठून?

योआना मायर, ओले झेहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली त्याचं उत्तर दिलं. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी त्या भागात दोन दूरच्या सिक्लिड वंशांची गाठ पडली. एक काँगो नदीकडचा, एक वरच्या नाईलकडचा. त्यांचा संकर झाला. त्या संकरित पिल्लांच्या वंशजांत दोन्हीकडची जनुकं पत्त्यांसारखी पिसली गेली. त्यातून व्हिक्टोरिया आणि आसपासच्या सरोवरांतल्या जाती घडल्या. सरोवर आटलं तेव्हा काही मासे दलदलींत तग धरून राहिले, पाणी परत आलं तेव्हा ते पुन्हा एकत्र आले, पुन्हा पिसले गेले.

यात एक जनुक मला विशेष आवडतं. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश पकडणारी जी प्रथिनं असतात, त्यांतल्या एकाचं. त्याची दोन रूपं दोन पूर्वजांकडून आली. एक रूप लाल प्रकाशाला अधिक संवेदनशील. तलावात जसजसं खोल जावं तसा प्रकाशाचा रंग बदलतो. व्हिक्टोरियाच्या पाण्यात खोलवर लालसर प्रकाशच जास्त उरतो. म्हणून ज्यांच्याकडे लाल बघणारं रूप होतं त्यांना खोलातलं घर परवडलं, दुसऱ्यांना वरचं. आणि नराचा रंग कोणता, हे ठरलं मादीला काय नीट दिसतं त्यावर. खडकाळ बेटांच्या काठी दोन भाऊबंद जाती शेजारीशेजारी राहतात. एकीचे नर निळे, जरा वर राहणारे. दुसरीचे नर लाल, जरा खाली. लाल जातीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलेलं आहे. या दोन जातींची जोडी प्रयोगशाळेत लावली तर पिल्लं धडधाकट होतात, त्यांनाही पिल्लं होतात. शरीरात कसलीही भिंत नाही. भिंत फक्त मादीच्या नजरेत आहे: निळीला निळा हवा, लालला लाल.

आता या भिंतीची परीक्षा कशी घेतली ते ऐका. झेहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीवरचा प्रकाश असा केला की लाल आणि निळ्यातला फरक दिसूच नये. माद्या कोणत्याही नराला होकार देऊ लागल्या. आणि हे नुसतं टाकीत नाही. सरोवराच्या ज्या भागांत शेतातली माती, सांडपाणी, शेवाळ यांमुळे पाणी गढूळ झालं आहे, तिथे नर फिके आहेत, मधल्या रंगाचे आहेत, जाती एकमेकींत विरघळल्या आहेत. स्वच्छ पाण्याच्या बेटांपाशी त्या अजून दोन आहेत. 1997 साली त्यांनी हे 'सायन्स'मध्ये छापलं. त्या सरोवरावर दुसरं मोठं संकट नाईल पर्चचं होतं. 1950च्या दशकात हा प्रचंड खादाड मासा सोडला, 1980च्या दशकात तो फोफावला आणि शेकडो जाती संपल्या किंवा दुर्मीळ झाल्या. पर्चने खाल्लेले मासे निदान मोजता येतात. गढूळ पाण्यात एकही मासा न मरता एक जात संपते. सकाळी दोन होत्या, संध्याकाळी एक आहे, आणि पाण्यात मासे तेवढेच.

ज्या क्रियेने 500 घडवल्या तीच क्रिया त्या पुसते. मला वाटतं, संकर चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. बघायला हवं ते पाण्याकडे. दोन वंश मिसळले आणि समोर खोल-उथळ, खडक-वाळू, लख्ख-अंधूक अशी शंभर तऱ्हेची घरं रिकामी असली, तर पिसलेल्या पत्त्यांतून शंभर डाव निघतात. तेच मिसळणं सपाट, गढूळ, एकसारख्या पाण्यात झालं तर एकच डाव उरतो, आणि तो ज्याची वाढ सर्वांत जलद त्याचा.

हे चिलापीच्या माहेरी चाललं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो नदीत मोझांबिक तिलापिया मूळचा. शेततळ्यांसाठी आणलेला नाईल तिलापिया निसटून 1990च्या दशकात तिथे पोचला. त्याचे नर दांडगे, घरट्याच्या जागा बळकावणारे. मोझांबिकची मादी अंडी तोंडात धरून पिल्लं वाढवते, नाईलचीही तशीच, त्यामुळे वागणुकीत फार फरक नाही. दोघांचे संकर झाले, पिल्लं पुन्हा नाईलशी जोडी लावत गेली. आज मोझांबिक तिलापिया आययूसीएनच्या लाल यादीत 'असुरक्षित' आहे. आपण ज्याला उपद्रवी म्हणून 1959 मध्ये बंदी घातली, जो उजनीत क्रेटच्या क्रेट निघतो, तोच मासा आपल्या गावात नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे. आणि आपली उजनीतली चिलापी त्याच्या उपयोगाची नाही, कारण ती जावातल्या मूठभर मूळपुरुषांची औलाद. तिच्यात लिंपोपोतल्या वंशाइतकी विविधता नाही. मोझांबिक तिलापिया समुद्राइतक्या खारट पाण्यात जगतो, तिथे अंडीही घालतो. किनाऱ्याजवळची शेतं खारी होत चालली असताना असं जनुक कुठल्या तरी नदीत शाबूत असणं ही काही भावनिक बाब नाही.

आपल्याकडे याचं घरगुती रूप मत्स्यबीज केंद्रात बघायला मिळतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त तळ्यात अंडी घालायला लावली. त्याआधी मत्स्यबीज नदीच्या पुरातून गोळा करावं लागे. देशाचं मासेपालन त्या दिवसावर उभं आहे, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण कटला, रोहू, मृगळ तिघांनाही एकाच दिवशी टोचून एकाच गोल टाकीत सोडलं की काय होणार? तिघांची गुणसूत्रं 50-50, संकर वांझ नसतात. मत्स्यजिरे असताना ओळखू येत नाहीत, बोटुकली झाल्यावरही सहज नाही. पुढे त्यांतलेच काही पैदाशीचे मासे म्हणून निवडले जातात. कटला-रोहूचं पिल्लू खायला बरंच लागतं, डोकं लहान आणि मांस जास्त. हौसेने एकदा केलं तर हरकत नाही. नकळत, पिढ्यान्‌पिढ्या झालं, की मूळ रोहूची वाढ आणि मूळ कटल्याची वाढ दोन्ही हातून जातात. शिवाय हे तिघे मूळचे गंगेकडच्या नद्यांतले, भीमेत माणसाने आणलेले. कृष्णेच्या खोऱ्यातला आपला लेबिओ फिम्ब्रिएटस आणि कटला यांचा संकर कर्नाटकात मुद्दाम करून पाहिला आहे, आणि तो होतो. म्हणजे दार उघडं आहे.

गेल्या दिवाळीत चुलतभावाने, दादाने, विचारलं, 'पिंजरे टाकतोय. गिफ्ट टाकू का? बीज मिळतंय.'

गिफ्ट म्हणजे नाईल तिलापियाचं सुधारित वाण. नावात 'जेनेटिकली' आहे म्हणून लोक बिचकतात, पण प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं नाही. 1988 साली फिलिपिन्समध्ये हे काम सुरू झालं. इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून जंगली मासे आणले, आशियातली पाळीव वाणं घेतली, त्यांच्या आपसात जोड्या लावल्या आणि दर पिढीत जलद वाढणारे निवडत गेले. शेतकरी बैल निवडतो तसंच, फक्त वहीत काटेकोर नोंदी ठेवून.

दादाच्या प्रश्नाला 'टाकू नकोस' म्हणणं मला सोपं होतं. मी पुण्यात राहते, पगारावर जगते. त्याच्याकडे होडी आहे, दोन पोरं आहेत आणि उन्हाळ्यात धरण खाली गेलं की महिनाभर जाळं कोरडं. लिंपोपो वाचवण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकायला मला लाज वाटली असती. आणि खरं सांगायचं तर उजनीत दोन आफ्रिकन चिलाप्या एकमेकींत मिसळल्या म्हणून भीमेचं काही जात नाही. भीमेचं जे जायचं ते मरळ, वाम, शिंगटा यांचं जातं, आणि ते संकराने नाही. त्यांच्या विणीच्या जागा चिलापी बळकावते, आणि पाणी तर पुण्याकडून जसं येतं तसं येतं.

म्हणून मी त्याला सांगितलं, 'टाक. पण सगळे नर असलेलं बीज घे, आणि पावती असलेलं.'

'सगळे नर? ते कसं काय करतात?'

तेही संकरावरूनच शिकले. 1960 साली हिकलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने मलायात मोझांबिकची मादी आणि तिच्या एका भाऊबंद जातीचा नर यांची जोडी लावली, तर पिल्लं सगळी नर. मोझांबिकमध्ये लिंग आपल्यासारखं ठरतं, मादी एक्स-एक्स. त्या दुसऱ्या जातीत कोंबड्यांसारखं, नर झेड-झेड. दोन वेगळ्या कायद्यांच्या घरांत लग्न झालं, आणि निकाल प्रत्येक वेळी नराच्या बाजूने लागला. हल्ली बहुतेक केंद्रांत संकराऐवजी पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांच्या खाद्यात संप्रेरक मिसळतात. नर जलद वाढतात, आणि पिंजरा फाटला तरी नुसत्या नरांचा संसार होत नाही. शंभर टक्के नर कधीच मिळत नाहीत, हेही मी दादाला सांगितलं.

तो विचार करत होता. मग म्हणाला, 'तुझ्या त्या यंत्रात आमची चिलापी कुठल्या जातीची निघाली?'

'आईकडून मोझांबिक. बापाचं कळलं नाही.'

'म्हंजे तुझ्या उलटं,' तो म्हणाला आणि दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची जागा बघायला होडीतून गेलो. तलावांचे अभ्यासक पाण्याची नितळता मोजायला पांढरी चकती दोरीला बांधून सोडतात, कुठे दिसेनाशी होते ते बघतात. माझ्याकडे चकती नव्हती. वहिनीकडून स्टीलचं जुनं ताट घेतलं, कडेला भोकं पाडून दोरी बांधली. दादाने होडी थांबवली. पाणी हिरवं होतं, त्यावर पोपटी शेवाळाची साय, मधूनच एखादी प्लॅस्टिकची बाटली. मी ताट सोडलं. ते उन्हात चमकत खाली गेलं.

'दिसतंय?' दादाने विचारलं.

'दिसतंय. आता पुसट. आता नाही.'

दोरीला गाठ मारून ताट वर ओढलं. दादाने दोरी हातात घेऊन मापली. दोन वितींना थोडी कमी.

'आज्जी म्हणायची, पूर ओसरला की भीमेचा तळ दिसायचा,' तो म्हणाला. मग त्याने होडी वळवली आणि आम्ही जरा वर, ओढा मिळतो त्या तोंडाशी, पुन्हा ताट सोडायला गेलो.